एमआरआयच्या खोलीत तार नेताना: ईसीजी, श्वास आणि घामाच्या नोंदींतला रेडिओ गोंगाट कसा गाळायचा

पहिल्यांदा ती रेघ दिसली तेव्हा आम्ही हेड कॉइलला, म्हणजे डोक्याभोवती बसवून सिग्नल घेणाऱ्या अँटेनाला, दोष दिला. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) मशिनवर मेंदूचे स्कॅन चालले होते आणि त्याच वेळी बोटांवरून त्वचेची वाहकता नोंदवायची होती. माणूस दचकला, ताणात आला की तळहाताला जो सूक्ष्म घाम येतो त्याची ही नोंद. प्रतिमेत उजवीकडे वरपासून खालपर्यंत ठिपक्याठिपक्यांची पांढरी रेघ येत होती. कॉइल बदलली, फॅन्टम (माणसाऐवजी चाचणीसाठी स्कॅन करायची वस्तू) बदलला, दार पुन्हा घट्ट लावून पाहिलं. शेवटी तिथले जुने टेक्निशियन काका म्हणाले, "मॅडम, तुमची ती वायर बाहेर काढा आणि परत एक घ्या." वायर काढली, रेघ गेली. भिंतीत आधीच असलेल्या पितळी नळीतून आम्ही ती वायर आत घेतली होती. नळी तिथे होती, मोकळी होती, म्हणून.

ती नळी तारेसाठी नसते. हे आधी कोणी नीट समजावून सांगितलं असतं तर पुष्कळ वेळ वाचला असता, म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे. फिल्टर कोणता घेतला याहून तो कुठे बसवला आणि भिंतीला कसा जोडला याला जास्त महत्त्व आहे.

गोंगाट दोन दिशांनी जातो

एमआरआयची खोली म्हणजे तांब्याच्या पत्र्याने किंवा तशाच धातूने सगळ्या बाजूंनी मढवलेली पेटी. कॉइलमध्ये शरीराकडून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो, म्हणून बाहेरच्या रेडिओ लहरी साधारण ९० ते १०० डेसिबलने अडवाव्या लागतात. १०० डेसिबल म्हणजे व्होल्टेज एक लाखांश. हायड्रोजनची फ्रिक्वेन्सी दर टेस्लामागे ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणून १.५ टेस्लाचं मशिन सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर ऐकतं आणि ३ टेस्लाचं सुमारे १२८ वर. ३ टेस्ला म्हणून ओळखली जाणारी काही मशिनं प्रत्यक्षात २.८९ टेस्लाची असतात, त्यांचा आकडा १२३.२ मेगाहर्ट्झ. आपल्या मशिनचा नेमका आकडा कन्सोलवर दिसतो, तो आधी वहीत लिहून घ्या. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक आणि विमानतळ यांचं बोलणं चालतं. त्याशिवाय लॅपटॉपचा चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर, नेटवर्कची केबल हे सगळं थोडाफार गोंगाट करतच असतं. बाहेरून आत गेलेली तार अँटेनासारखी हा गोंगाट घेऊन कॉइलपर्यंत जाते. ही पहिली दिशा.

दुसरी दिशा उलटी. स्कॅनरची ट्रान्समिट कॉइल काही किलोवॅटचे स्पंद सोडते. ते तारेत उतरतात आणि अॅम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात शिरतात. तिथले ट्रान्झिस्टर डायोडसारखे वागून त्या रेडिओ लहरीचं एकाच दिशेचं व्होल्टेज करतात. मग स्कॅन सुरू होताच त्वचेच्या वाहकतेचा आलेख एकदम पायरीसारखा वर जातो. नवख्या माणसाला वाटतं, पेशंट आवाजाने दचकला. हा घोटाळा फार वाईट, कारण नोंद खरी वाटते. अॅम्प्लिफायरच्या आत एकदा हे घडलं की नंतर सॉफ्टवेअरने कितीही गाळा, ते निघत नाही. रेडिओ लहर अॅम्प्लिफायरच्या दाराबाहेरच अडवावी लागते.

आधी विचारा: तार हवीच का?

श्वासाची नोंद हवेच्या दाबावर घेता येते. पोटाला पट्टा, त्यात हवेची उशी, तिथून प्लास्टिकची नळी आणि दाब मोजणारा सेन्सर खोलीबाहेर. नाडीसाठी प्रकाशावर चालणारा, फायबरने जोडलेला बोटाचा सेन्सर मिळतो. ईईजीसारख्या (मेंदूच्या विद्युत संकेतांची नोंद) कामात अॅम्प्लिफायर आणि बॅटरी दोन्ही आत ठेवून फक्त फायबर बाहेर आणतात. प्लास्टिक आणि काच यांतून रेडिओ लहर वाहत नाही, म्हणून या वस्तूंना पितळी नळी चालते. यादीतली प्रत्येक मोजणी अशी तपासा. आमच्या चार मोजण्यांपैकी दोन अशाच सुटल्या, तारा उरल्या त्या फक्त ईसीजी आणि त्वचेच्या वाहकतेच्या.

नळीतून तार गेली की नळी उरत नाही

भिंतीतल्या त्या नळीला वेव्हगाइड म्हणतात. रेडिओ लहर रिकाम्या धातूच्या नळीतून जायची तर लहरीच्या मानाने नळी पुरेशी रुंद लागते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून ३.५ गिगाहर्ट्झच्या खालची लहर पुढे सरकत नाही, आतल्या आत विरते. आपल्या ६४ किंवा १२८ मेगाहर्ट्झसाठी हे विरणं व्यासाएवढ्या प्रत्येक लांबीमागे सुमारे ३२ डेसिबल असतं. नळी २० सेंटिमीटर लांब असेल तर हिशेब १२८ डेसिबलचा होतो. दारं नाहीत, झाकण नाही, तरी भिंत शाबूत.

आता तिच्यातून एक तांब्याची तार घाला. मधे तार आणि भोवती धातूची नळी, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी कोअॅक्सिअल केबल झाली. तिला खालची मर्यादाच नसते, कोणतीही फ्रिक्वेन्सी आरपार जाते. तारेवर प्लास्टिकचं आवरण आहे, तार बारीक आहे, आत दोनच मिनिटं राहणार आहे, यातल्या कशानेही फरक पडत नाही. तारेला भिंत ओलांडायची असेल तर ती पेनिट्रेशन पॅनेलवर, म्हणजे तारा आत नेण्यासाठी भिंतीत बसवलेल्या धातूच्या पाटीवर, बसवलेल्या फिल्टरमधूनच ओलांडायची.

फिल्टर निवडताना

बाजारात नऊ किंवा पंचवीस पिनांचे डी-सब कनेक्टर मिळतात, ज्यांच्या प्रत्येक पिनेभोवती फीडथ्रू कपॅसिटर (ज्याच्या मधूनच तार आरपार जाते) किंवा π-फिल्टर (दोन कपॅसिटर आणि मधे एक इंडक्टर) बसवलेला असतो. तेच घ्या. साध्या कनेक्टरमागे छोटा कपॅसिटर डाग देऊन बसवण्याचा मोह होतो, आणि तिथेच काम फसतं. आकडे पाहा. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ६४ मेगाहर्ट्झला फक्त २.५ ओमचा अडथळा, म्हणजे गोंगाटाला जमिनीकडे जायला सरळ वाट. पण त्याच्या पायांची लांबी दोन्ही मिळून १० मिलिमीटर असली तर दर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री या हिशेबाने १० नॅनोहेन्रीचं इंडक्टन्स येतं. ही जोडी ५० मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनादात येते आणि त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर कपॅसिटर राहत नाही, इंडक्टर होतो. १२८ मेगाहर्ट्झला नुसत्या पायांचा अडथळा ८ ओम, कपॅसिटरचा स्वतःचा १.२५. कागदावर उत्तम दिसणारा फिल्टर अशा दहा मिलिमीटरमध्ये वाया जातो. फीडथ्रू कपॅसिटरला पायच नसतात, त्याचं बाहेरचं कवच सगळ्या बाजूंनी पॅनेलला टेकतं. म्हणून तो चालतो.

मूल्य किती हवं? आतल्या बाजूला इलेक्ट्रोडजवळ प्रत्येक तारेत १० किलोओमचा रेझिस्टर असतो असं धरा. त्यासोबत १ नॅनोफॅरड म्हणजे सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळू लागतं. ईसीजी ४० हर्ट्झपर्यंत, त्वचेची वाहकता ५ हर्ट्झच्याही खाली, त्यामुळे नोंदीच्या पट्ट्याला धक्का लागत नाही. जास्तीचा कपॅसिटर लावून जास्त फायदा होईल असं वाटतं, पण दोन कारणांनी हात आखडता घ्या.

एक, ईसीजीच्या दोन तारांवरचे कपॅसिटर सारखे नसले तर ५० हर्ट्झची गुणगुण वाढते. १ नॅनोफॅरडचा ५० हर्ट्झला अडथळा ३.१८ मेगाओम. दोन बाजूंत २० टक्के फरक पडला आणि तारेत १० किलोओम असले, तर दोन्ही तारांवर सारखीच येणारी गुणगुण ६४ डेसिबलपेक्षा जास्त दाबली जात नाही, मग अॅम्प्लिफायर ११० डेसिबलचा का असेना. मूल्य वाढवलं की हे आणखी बिघडतं. जोडीतले कपॅसिटर मोजून जुळवलेले घ्या.

दुसरं कारण पेशंटच्या सुरक्षिततेचं आहे. कपॅसिटर जमिनीला जोडलेला असतो, म्हणजे पेशंटच्या अंगावरच्या तारेचं अर्थिंगपासूनचं विलगीकरण तेवढं कमी होतं. बिघाडात २३० व्होल्ट तिथवर पोचले तर १ नॅनोफॅरडमधून सुमारे ७२ मायक्रोअॅम्पिअर वाहतात, आणि तेही एकाच तारेतून. हृदयाशी थेट संबंध येऊ शकणाऱ्या सीएफ वर्गाच्या उपकरणांसाठी अशा बिघाडातली मर्यादा ५० मायक्रोअॅम्पिअर आहे. म्हणून पेशंटच्या तारेवरचा फिल्टर बायोमेडिकल इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय बसवू नये. उपकरणासोबतच प्रमाणित फिल्टर संच मिळत असेल तर तोच घ्या. स्वतः जुळवलेला फिल्टर फॅन्टमवर आणि डमीवर वापरा, माणसावर नाही.

पॅनेलवर बसवणं

पॅनेलला हात लावण्याआधी मशिनच्या कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा. खोलीचं शील्डिंग वॉरंटीत किंवा सीएमसीत (देखभालीच्या करारात) असतं, तुम्ही स्वतः भोक पाडलं तर तो करार धोक्यात येतो आणि पुढच्या प्रत्येक बिघाडाला तुमचं भोक कारण ठरतं. बहुतेक पॅनेलवर संशोधनासाठी एखादी कोरी प्लेट सोडलेली असते. ती काढून कार्यशाळेत भोकं पाडून आणणं सर्वांत बरं, खोलीत धातूचा कीसही पडत नाही.

कनेक्टर जिथे टेकणार तिथला रंग किंवा अॅनोडायझिंगचा थर पॉलिशपेपरने घासून धातू उघडा करा. अॅल्युमिनियमचा मंद राखाडी रंग आणि उघड्या धातूची चमक यांतला फरक डोळ्यांना दिसतो, पण डोळ्यांवर विसंबू नका. अॅनोडायझिंगचा पातळ थर चमकूनही विजेला अडवतो. मल्टिमीटरची दोन टोकं जवळजवळ टेकवून पाहा, रीडिंग उड्या मारत असेल तर थर अजून आहे. मग वाहक गॅस्केट, दातेरी वॉशर आणि चारही स्क्रू सारख्या जोराने. बसवल्यावर कनेक्टरचं कवच आणि पॅनेल यांच्यात काही मिलिओमच रोध असायला हवा. तो साध्या मल्टिमीटरने कळत नाही, त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध ०.२ ओमपर्यंत असतो. चार तारांनी मोजणारं मीटर उसनं आणा.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, न वापरलेल्या पिना. केबलमध्ये नऊ तारा आणि वापरात चार, तर उरलेल्या पाचही अँटेनाच असतात. त्यांनाही फिल्टर हवा, किंवा पॅनेलवर जमिनीला जोडून टाका. दुसरी, केबलच्या शील्डचं टोक. शील्डची जाळी पिळून तिची शेपटी एका पिनेला डाग देण्याची सवय असते. त्या शेपटीचं इंडक्टन्स कपॅसिटरच्या पायांसारखंच काम बिघडवतं. जाळी उलटी दुमडून धातूच्या हूडखाली गोल सगळीकडून दाबली जायला हवी. कनेक्टर रिकामा असेल तेव्हा त्यावर धातूचं झाकण.

आतली केबल

इथे गोंगाटापेक्षा भाजण्याची भीती मोठी, म्हणून हा भाग घाईने वाचू नका. तार अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली की तिच्यात रेडिओ प्रवाह साठतो आणि टोकाशी, म्हणजे त्वचेवर, उष्णता होते. हवेत ही लांबी १.५ टेस्लाला सुमारे २.३५ मीटर, ३ टेस्लाला १.१७ मीटर. शरीराला चिकटलेल्या तारेसाठी ती याहून बरीच कमी होते. कार्बनच्या तारा आणि इलेक्ट्रोडजवळचे रेझिस्टर याचसाठी असतात. तार सरळ, टेबलाच्या मध्यरेषेवरून, कुठेही वेटोळं नाही. तार आणि त्वचा यांच्यामध्ये घडी घातलेलं कापड किंवा पॅड. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या. कॉइलच्या केबलशेजारून न्यायची नाही. बोअरच्या (पेशंट ज्यात सरकतो त्या बोगद्याच्या) मागच्या तोंडातून थेट पॅनेलकडे. मशिनच्या ज्या टेस्लासाठी केबल प्रमाणित आहे त्याच मशिनवर ती वापरायची. १.५ ला सुरक्षित केबल ३ ला सुरक्षित असेलच असं नाही, लांबीचे आकडे वर आहेतच. कुणी "गरम लागतंय" म्हटलं की स्कॅन त्या क्षणी थांबवायचा.

केबलवर चढवून रेडिओ गोंगाट शोषणारे फेराइटचे मणी आत चालत नाहीत. तीव्र क्षेत्रात फेराइट संतृप्त होऊन निकामी होतं, वर मॅग्नेटकडे ओढलंही जातं. आणि मॅग्नेट कधीच बंद नसतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, बॅटरीचा रेडिओ, काहीही आत न्यायच्या आधी टेक्निशियनला दाखवा. दार नीट बंद होतं का हे एफएम रेडिओ आत नेऊन तपासायची युक्ती कोणी सांगितली तर ती करू नका, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

बाहेरची बाजू

फेराइटची जागा इथे. पॅनेलच्या बाहेरच्या तोंडाशी केबलवर क्लॅम्प लावा, ४३ क्रमांकाचं मिश्रण आपल्या दोन्ही फ्रिक्वेन्सींना चालतं. केबल तीनदा गुंफली तर परिणाम जवळपास नऊपट होतो. अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगकडे लक्ष द्या. खोलीचं धातूचं आवरण एकाच ठिकाणी अर्थ केलेलं असतं. नियंत्रण कक्षातल्या सॉकेटचं अर्थिंग अॅम्प्लिफायरच्या पेटीतून आणि केबलच्या शील्डमधून पॅनेलला पोचलं की दुसरी वाट तयार होते आणि त्या वेटोळ्यात ५० हर्ट्झ फिरू लागतात. विलग इनपुटचा अॅम्प्लिफायर वापरा आणि लॅपटॉप नोंदीपुरता बॅटरीवर ठेवा.

तपासणी

फॅन्टम ठेवा, हेड कॉइल लावा, ट्रान्समिट शून्य करा, रिसीव्हर गेन हातानेच ठरवून कायम ठेवा. मग चार स्कॅन:

१. केबल खोलीत नाही.
२. केबल आत, पॅनेलला जोडलेली, बाहेर काही नाही.
३. बाहेरची केबलही जोडलेली, अॅम्प्लिफायर बंद.
४. सगळं चालू, लॅपटॉपचा चार्जरसुद्धा.

चारही प्रतिमांमधलं गोंगाटाचं प्रमाण विचलन वहीत लिहा. दुसऱ्यात बिघडलं तर आतली केबल किंवा फिल्टरची जमीन, तिसऱ्यात तर फिल्टर कमी पडतोय, चौथ्यात तर अॅम्प्लिफायर किंवा चार्जर.

फेज एन्कोडिंगच्या दिशेने (प्रतिमेच्या दोन दिशांपैकी जी फ्रिक्वेन्सीवरून ठरत नाही ती) ठिपक्यांची रेघ आली तर ती एका ठराविक फ्रिक्वेन्सीची आहे, आणि ती फ्रिक्वेन्सी मोजता येते. बँडविड्थ (स्कॅनर ऐकतो तो पट्टा) ५०० किलोहर्ट्झ आणि मॅट्रिक्स (एका ओळीतले पिक्सेल) २५६ असेल तर एक पिक्सेल १.९५ किलोहर्ट्झचा. रेघ मध्यापासून ५२ पिक्सेलवर, म्हणजे सुमारे १०२ किलोहर्ट्झ अंतरावर. आता मध्य फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झने सरकवून पुन्हा घ्या. रेघ २६ पिक्सेल सरकली तर ती बाहेरून येते आहे. जागची हलली नाही तर स्कॅनरचीच आहे आणि तुमची केबल निर्दोष. कंपनीच्या इंजिनिअरशी बोलताना ही दोन चित्रं शेजारी ठेवली की वाद उरत नाही. प्रतिमाभर तिरपे पट्टे आले तर ते वेगळं दुखणं, कुठेतरी सैल धातू आहे किंवा ठिणगी पडते आहे.

उलट्या दिशेची चाचणी डमीवर. माणसाच्या जागी १०० किलोओमचा रेझिस्टर जोडून बोअरमध्ये ठेवा. बऱ्याच रेझिस्टरच्या टोप्या लोखंडी असतात, आधी खोलीबाहेर छोट्या चुंबकाने तपासा. १०० किलोओम म्हणजे १० मायक्रोसीमेन्स. पण दोन तारांत १०-१० किलोओम असतील तर आलेख ८.३ दाखवेल, आणि तो बरोबर आहे. ही दुरुस्ती नंतर प्रत्येक माणसाच्या नोंदीत करायची. आता टर्बो स्पिन एको हा जास्त रेडिओ ऊर्जेचा स्कॅन चालवा. स्कॅन सुरू होताना, चालताना, थांबताना आलेख सपाट राहिला पाहिजे. पायरी दिसली तर रेडिओ लहर अजून अॅम्प्लिफायरपर्यंत पोचते आहे.

जे या फिल्टरने जात नाही

ग्रेडियंटचा, म्हणजे प्रतिमेतली जागा ठरवण्यासाठी सतत चालू-बंद होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा, गोंगाट हर्ट्झ-किलोहर्ट्झमध्ये असतो, १६ किलोहर्ट्झचा फिल्टर तो अडवत नाही. टीआर (सगळ्या स्लाइस एकदा घेण्याचा वेळ) २ सेकंद आणि ३६ स्लाइस (मेंदूचे काप) असतील तर १८ हर्ट्झ आणि त्याच्या पटी दिसतील. त्वचेची वाहकता आणि श्वास यांना त्याने त्रास नाही, साधा लो-पास पुरतो. ईसीजीच्या मात्र ऐन पट्ट्यात येतं, तिथे त्या पटींवर खाचा पाडणारा फिल्टर किंवा स्कॅनरच्या घड्याळाशी जुळवून सरासरी वजा करणं लागतं. मल्टिबँड ३ (एका वेळी तीन स्लाइस) केलंत तर १८ चे ६ हर्ट्झ होतात आणि नाडीच्या आकारात मिसळतात, तेव्हा सिक्वेन्स ठरवतानाच नोंदीचा विचार करा. नोंद किमान १००० हर्ट्झने घ्या, आधी गाळा, मग विरळ करा. उलटं केलं की ग्रेडियंटचा गोंगाट खालच्या पट्ट्यात दुमडून बसतो.

शेवटी पॅनेलच्या बाहेर, कनेक्टरशेजारी एक स्टिकर लावा: कोणती पिन कशाची, फिल्टरचं मूल्य, बसवल्याची आणि शेवटच्या तपासणीची तारीख. चार स्कॅनची चाचणी कनेक्टर उघडला की पुन्हा घ्यायची, आणि स्क्रू दर सहा महिन्यांनी तपासायचे. आमचा एक स्क्रू पहिल्याच पावसाळ्यानंतर ढिला निघाला होता, आणि तिसऱ्या स्कॅनमध्ये ती रेघ परत दिसली होती.